विकतचे सेनानी आणि घडविलेले सेनानी

कोणत्याहि राष्ट्राचा रणांगणावर पराजय झाला म्हणजे त्याच्या कारणांची चर्चा पुढें कित्येक पिढ्या चालते. कोणी तोफांकडे बोट दाखवितो, कोणी फितुरीकडे, कोणी घरच्या दुहीकडे. आणि कांहींच सुचलें नाहीं तर दैव आहेच. हीं कारणें आपापल्या जागीं खरीं असतात. परंतु एक प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. फौज ज्यांच्या हातीं होती, त्यांना तें काम कोणीं, कोठें व किती वर्षें शिकविलें होतें? शिपाई थोड्या महिन्यांत तयार होतो, तोफ एका मोसमांत ओतून निघते. पण धुरानें कोंदलेल्या रणांत, वरचा माणूस पडला असतां, स्वतःच्या जबाबदारीवर योग्य तो निर्णय करणारा पुढारी तयार व्हावयास पंधरा-वीस वर्षें लागतात. ही तयारी शांततेच्या काळांतच करावी लागते, आणि शांततेच्या काळांत तिची गरज कोणासच भासत नाहीं. या विषयांतला खरा पेंच तो हाच.

हा पेंच स्पष्ट व्हावा म्हणून आम्ही आज दोन पराजय वाचकांपुढें मांडणार आहों. पहिला आपल्या घरचा. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, आजच्या जालना जिल्ह्यांतील असई या गांवीं, आर्थर वेलस्लीनें शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा मोड केला. दुसरा त्यानंतर तीनच वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १८०६ रोजीं, जर्मनींत येना व आउअरश्टेट येथें झाला. तेथें नेपोलियनच्या फौजांनीं प्रशियाचें सैन्य एका दिवसांत उधळून लावलें. दोन्ही पराजय दारुण होते. परंतु पहिल्यानंतर पंधरा वर्षांत मराठी राज्य नाहींसें झालें, आणि दुसऱ्यानंतर नऊ वर्षांत प्रशिया विजेत्यांच्या पंक्तीस जाऊन बसला. या फरकाचीं कारणें पुष्कळ आहेत. त्यांतील एकाचाच विचार येथें करावयाचा आहे.

मराठ्यांना सेनापति घडवितां येत नव्हते असें कोणी म्हणेल तर तें इतिहासास सोडून होईल. १७२० सालीं पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं तेव्हां पहिला बाजीराव जेमतेम विशीच्या घरांत होता; पण वडिलांबरोबर दिल्लीपर्यंतची वाटचाल त्यानें आधींच केली होती. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे हे कांहीं मोठ्या दौलतीचे वारस नव्हते. मोहिमांतून त्यांचे गुण दिसले आणि ते वर चढले. छावणी हीच त्या काळची शाळा होती. कूच किती मजलांचें ठेवावें, दाणावैरण कोठून आणावी, शत्रूचें पाणी कसें तोडावें, हें विद्यार्थी डोळ्यांनीं पाहून शिकत. १७२८ सालीं पालखेड येथें निजामाची कोंडी झाली ती याच विद्येच्या जोरावर. ही शाळा दोन गोष्टींवर चालत होती. दरसाल मोहीम निघे, आणि गुणी माणसास वर जाण्याची वाट मोकळी असे. पुढें सरंजाम वंशपरंपरेचे झाले, सरदारकी जन्मानें येऊं लागली, आणि यांतली दुसरी गोष्ट हळूहळू नाहींशी झाली. महादजी शिंद्यांच्या मृत्यूनंतर १७९४ सालीं हिंदुस्थानांतील सर्वांत मोठ्या फौजेचें धनीपण ज्या दौलतराव शिंद्यांकडे आलें, त्यांचें वय पंधरा वर्षांचेंहि धड नव्हतें.

इतक्यांत युद्धाचेंच रूप पालटलें होतें. कवायती पायदळ रांगा धरून उभें राहावयाचें, दोन्हीकडच्या तोफा शेंकडों पावलांच्या अंतरावरून आग ओकावयाच्या, आणि दोन-तीन तासांत हजारों माणसें जायबंदी व्हावयाचीं, असा हा नवा प्रकार होता. येथें पळ काढून पुन्हा फिरून येण्यास जागा नसे. अशा कडाक्याच्या झुंजींत रांगेची दिशा बदलणें, डळमळलेली पलटण सावरणें, तोफखाना व पायदळ यांचा मेळ घालणें, हीं कामें एकट्या सेनापतीच्या आवांक्यांतलीं नव्हत. त्याच्या हाताखालीं शेंकडों कामगार हवे होते, आणि त्यांतला एक पडतांच दुसऱ्यानें त्याचें काम उचलावयास हवें होतें.

महादजींनीं ही गोष्ट इतर कोणत्याहि मराठा पुढाऱ्यापेक्षां लौकर ओळखली. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांनीं केलेली झुंज त्यांनीं पाहिली होती. त्या दिवसाची जखम त्यांच्या पायाला जन्मभर राहिली. १७८४ सालीं त्यांनीं सॅव्हॉय प्रांतांतील डी बॉयन या अधिकाऱ्यास नोकरीस ठेवलें. आरंभ दोन पलटणींनीं झाला. १७९० सालीं पाटण व मेडता येथें या पलटणींनीं राजपूत घोडदळाची लाट थोपविली, आणि मग महादजींनीं कंपूमागून कंपू उभे करविले. आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना निघाला. दुआबांतील मुलूख फौजेच्या खर्चास लावून दिल्यामुळें शिपायांचा पगार वेळेवर मिळूं लागला. कवायत, शिस्त, तोफा, दारूगोळा, पैसा, यांतलें कांहींच कमी राहिलें नाहीं.

कमी राहिलें तें एकच. या कंपूंचे कप्तान व कर्नल युरोपीय होते. हिंदी माणूस बहुतांशीं सुभेदारीपर्यंत चढे आणि तेथें त्याची वाट संपे. पलटणी चालविण्याची विद्या मराठा, राजपूत, ब्राह्मण किंवा मुसलमान घराण्यांतील तरुणांस शिकवून त्यांतून पुढचे कप्तान काढावे, अशी कोणतीहि कायमची योजना निघाली नाहीं. डी बॉयननें पलटणी उभारल्या; त्या चालविणारे पुढारी तयार करण्याची शाळा त्याच्याकडून कोणीं मागितली नाहीं. १७९५ सालाच्या अखेरीस तो नोकरी सोडून निघाला, तेव्हां त्याची जागा पेरन या दुसऱ्या परक्यास मिळाली, आणि कोणास यांत वावगें वाटलें नाहीं.

याचें कारण काय? आमच्या मतें पहिलें कारण प्रतिष्ठेचें आहे. मराठा सरदाराचा मान घोड्यावर होता. पायउतार होऊन पलटणीपुढें चालणें त्याला हलकेपणाचें वाटे. दुसरें कारण संशयाचें आहे. घरचा माणूस कवायती फौजेचा धनी झाला तर उद्यां तो गादीवर डोळा ठेवील, परका तसें करणार नाहीं, हा हिशेब दरबारांत नेहमींचाच होता. तिसरें कारण घाईचें आहे. तयार माणूस पैसे टाकून आज मिळतो, मग वीस वर्षांनीं येणाऱ्या पिकाची मशागत कोण करतो?

या व्यवहाराचें व्यंग प्रथम २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं पुण्याच्या वेशीजवळ, हडपसरच्या लढाईंत उघडें पडलें. एका बाजूस यशवंतराव होळकरांच्या पलटणी घेऊन विकर्स उभा होता, दुसऱ्या बाजूस शिंद्यांच्या पलटणी घेऊन डॉस. पेशव्यांच्या राजधानीचें भवितव्य ठरविणारे हे दोघेहि अधिकारी ब्रिटिश वंशाचे होते. डॉस त्या दिवशीं पडला. विकर्सनें पुढें इंग्रजांविरुद्ध लढण्याचें नाकारलें, तेव्हां यशवंतरावांनीं त्याचें व त्याच्या दोघां सोबत्यांचें शिर उडविलें. ही शिक्षा क्रूर होती. पण ती करून होळकरांना नवे कप्तान मिळाले नाहींत.

शिंद्यांवर हाच प्रसंग अधिक मोठ्या प्रमाणावर आला. युद्ध सुरू होतांच, २९ ऑगस्ट १८०३ रोजीं, गव्हर्नर जनरलनें जाहीरनामा काढून मराठ्यांच्या नोकरींतील ब्रिटिश प्रजाजनांस बोलाविलें आणि त्यांच्या चरितार्थाची हमी घेतली. पुष्कळ जण निघून गेले. अलीगडचा किल्ला ४ सप्टेंबरला पडला, तेव्हां दरवाजापर्यंतची वाट दाखविणारा ल्यूकन हा शिंद्यांच्याच नोकरींतून गेलेला होता. खुद्द पेरननें त्याच सुमारास इंग्रजांकडे वाट मागून लखनौ गांठलें. ११ सप्टेंबरला दिल्लीजवळची लढाई हरल्यावर बूर्कँ यानेंहि थोड्याच दिवसांत शरणागति पत्करली. त्यांतहि जेम्स स्किनरची हकीकत विशेष बोधप्रद आहे. त्याची आई राजपूत. जन्म याच देशांतला. त्याला शिंद्यांची चाकरी सोडावयाची नव्हती. परंतु इतर ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर पेरननें त्यालाहि काढून टाकलें. त्यानें मग कंपनीसाठीं जें घोडेस्वारांचें पथक उभारलें, तें त्याचें नांव धारण करून आजच्या भारतीय सैन्यांतहि नांदत आहे.

असईस काय झालें तें पाहण्यासारखें आहे. शिंद्यांच्या कवायती पायदळाचें नेतृत्व हॅनोव्हरच्या पोलमनकडे होतें. वेलस्ली केळणा नदी ओलांडून अनपेक्षितपणें बाजूवर आला, तेव्हां पोलमननें आपली सारी रांग फिरवून तोंड बदललें. ही हालचाल उत्कृष्ट कवायतीची साक्ष आहे. गोलंदाज तर तोफांजवळ मेल्याचें सोंग घेऊन पडले, आणि इंग्रज रांग पुढें गेल्यावर उठून त्यांनीं मागून मारा केला. वेलस्लीचीं दीड हजारांवर माणसें ठार व जखमी झालीं. हा आंकडा प्रत्यक्ष लढलेल्या सैन्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक होता. त्याच्या ७४ व्या पलटणींतील जवळजवळ सर्व अधिकारी कापले गेले किंवा जखमी झाले, तरी उरलेल्यांना सावरून धरणारा कोणी तरी राहिला. उलट मराठ्यांकडे शिंदे व भोसले घोडदळासह निघून गेले, वरचा धागा तुटला, आणि शूर पलटणी एकेकट्या पडून मोडल्या. त्यांची माळ पुन्हा गुंफणारा हात नव्हता.

१ नोव्हेंबर १८०३ रोजीं अलवरजवळ लासवारी येथें हेंच दृश्य अधिक करुण रूपानें दिसलें. तेथील शिंद्यांच्या पलटणींना त्यांचे युरोपीय अधिकारी बहुतेक सोडून गेले होते. तरीहि त्या पलटणी तोफांशेजारीं उभ्या राहून मरेपर्यंत लढल्या. जनरल लेकचीं आठशेंहून अधिक माणसें त्या दिवशीं कामास आलीं किंवा जखमी झालीं. या पलटणींना फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची शंकाच होती, अशा अर्थाचें त्यानें वर लिहून कळविलें. शत्रूनें दिलेलें हें प्रशस्तिपत्र वाचतांना अभिमान वाटतो, आणि लगेच मन खिन्नहि होतें. शिपाई अखेरपर्यंत इमानी राहिला. त्याला इमानी व जाणता पुढारी मात्र त्याच्या राज्यानें कधींच दिला नव्हता.

आतां दुसऱ्या पराजयाकडे वळूं. १८०६ सालचा प्रशिया हा फ्रेडरिक महाराजाच्या कीर्तीवर जगत होता. त्याचें सैन्य शिस्तीचें होतें, तोफा होत्या, अधिकारी घरचेच होते. परंतु अधिकारपद बहुतेक उमराव घराण्यांचा वारसा होऊन बसलें होतें, आणि बढती वयाप्रमाणें मिळत होती. मुख्य सेनापति ब्रन्सविकचा ड्यूक ७१ वर्षांचा होता, फील्ड मार्शल मोलेंडॉर्फनें ऐंशी ओलांडली होती. आउअरश्टेटला दावू या फ्रेंच सेनानीपाशीं प्रशियाच्या निम्म्याहून कमी सैन्य होतें. लढाईच्या ऐन भरांत ब्रन्सविक प्राणघातक जखमी झाला, आणि त्याची जागा लगेच घेणारा कोणी निघाला नाहीं. केवळ घरचा माणूस असणें पुरत नाहीं, तो घडविलेलाहि असावा लागतो, हें तेथें सिद्ध झालें.

या पराजयानंतर ज्यानें प्रशियाचें सैन्य नव्यानें बांधलें, तो शार्नहोर्स्ट मूळचा प्रशियाचा नव्हता. तोहि, असईच्या पोलमनप्रमाणें, हॅनोव्हरचाच; सामान्य घरांतला; १८०१ सालीं प्रशियाच्या नोकरींत आलेला. म्हणजे दोन्ही राज्यांनीं परक्याची मदत घेतली. फरक इतकाच कीं शिंद्यांनीं परक्याकडून फौज घेतली, प्रशियानें परक्याकडून विद्या घेतली. डी बॉयन गेला तेव्हां त्याची कला त्याच्याबरोबर गेली. शार्नहोर्स्ट १८१३ सालीं जखमेनें मरण पावला, तेव्हां त्याचे शिष्य त्याच्या जागीं उभे होते. गुरु परका असला तरी चालतो. विद्या परकी राहतां कामा नये, हें सूत्र या दोन चरित्रांवरून लक्षांत यावें.

शार्नहोर्स्ट व त्याचे सहकारी यांनीं केलें काय? प्रथम पराजयाच्या वेळीं कोणता अधिकारी कसा वागला याची कसून चौकशी झाली. मग ६ ऑगस्ट १८०८ च्या आज्ञेनें जन्माचा हक्क संपुष्टांत आला. शांततेंत ज्ञान व शिक्षण, आणि युद्धांत शौर्य व समज, हींच अधिकारपदाचीं साधनें ठरलीं. १८१० सालीं बर्लिनमध्यें उच्च युद्धशाळा उघडली. नेपोलियननें प्रशियाचें सैन्य बेचाळीस हजारांवर आणून ठेवलें होतें. संख्या वाढवितां येत नव्हती, म्हणून त्यांनीं डोकीं वाढविलीं. प्रत्येक मोठ्या सेनापतीशेजारीं एक शिकलेला सल्लागार बसविण्याची पद्धति आली. सेनापति धाडसी असावा, सल्लागार विचारी असावा, आणि दोघांनीं मिळून एक निर्णय करावा, अशी ती योजना होती.

तिची कसोटी लवकरच लागली. १६ जून १८१५ रोजीं लिग्नीच्या लढाईंत वृद्ध सेनापति ब्लूखर घोड्याखालीं सांपडला आणि कांहीं काळ तो कोठें आहे हेंहि कोणास कळेना. आउअरश्टेटचाच प्रसंग पुन्हा आला होता. पण या वेळीं शेजारीं ग्नाइझेनाउ होता. त्यानें आपल्या जबाबदारीवर सैन्य वाव्हरच्या दिशेनें मागें घेतलें. त्यामुळें दोन दिवसांनीं वॉटर्लूला तें वेलिंग्टनच्या मदतीस पोहोंचूं शकलें. हा वेलिंग्टन म्हणजे असईचा तोच वेलस्ली! ज्या उणिवेमुळें असईस त्याचे शत्रु बुडाले, ती उणीव भरून काढलेल्या मित्रानें वॉटर्लूला त्याला सांवरलें.

पुढें शांततेचीं दीर्घ वर्षें आलीं, आणि हें काम थांबलें नाहीं. १८२४ सालीं राइस्वित्स नांवाच्या अधिकाऱ्यानें नकाशा, फांसे व पंच यांच्या साह्यानें खेळावयाचा युद्धखेळ सैन्यापुढें मांडला. तरुण अधिकारी त्यावर चुका करीत आणि रक्त न सांडतां शिकत. १८५७ पासून मोल्टकेनें या परंपरेची सूत्रें हातीं घेतलीं. आगगाडी व तारायंत्र यांमुळें सैन्यें इतकीं पसरलीं होतीं कीं प्रत्येक हुकूम वरून येणें अशक्य झालें होतें. म्हणून हाताखालच्यास काय साधावयाचें तें सांगावें, कसें साधावें तें त्याच्या बुद्धीवर सोडावें, ही रीति रूढ झाली. तिनें कधीं कधीं उतावळे सेनानी नुकसानहि करीत. तरी १८६६ सालीं क्योनिग्ग्रेट्स आणि १८७० सालीं सेडान येथें तिचा प्रभाव जगानें पाहिला. शाळा उघडल्यापासून या फळापर्यंत सुमारें साठ वर्षें गेलीं, हें विसरूं नये.

या चित्राची दुसरी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. याच परंपरेंतल्या कुशल सेनानींनीं १९१४ सालीं आणि पुन्हा १९३९ सालीं आपल्या राष्ट्रास सर्वनाशाकडे नेण्यास हातभार लावला. युद्ध हें राजनीतीचें साधन आहे, असें त्याच बर्लिनच्या शाळेचा एके काळचा संचालक क्लाउझेविट्झ सांगून गेला होता. पण लढाई कशी जिंकावी यांत गढलेल्यांस ती करावी कीं नाहीं हा प्रश्न दिसेनासा झाला. सेनानीचें शिक्षण म्हणजे केवळ हालचालींचें शिक्षण नव्हे. त्यांत विवेकाचा व मर्यादेचा पाठ नसेल तर उत्तम शाळाहि राष्ट्रास बुडवूं शकते.

आपल्या देशांत ही शाळा फार उशिरां आली. १९०५ सालीं देवळाली येथें अधिकाऱ्यांचें उच्च विद्यालय निघालें आणि दोन वर्षांत क्वेट्यास गेलें; पण तें तेव्हां इंग्रज अधिकाऱ्यांसाठीं होतें. हिंदी तरुणांस देशांतच अधिकारी करणारी संस्था देहरादून येथें १९३२ सालीं उघडली. तिच्या चाळीस विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडींत सॅम माणेकशा होते. १९७१ च्या डिसेंबरांत भारतीय सैन्यानें पूर्व बंगालची मोहीम चौदा दिवसांच्या आंत संपविली, तेव्हां तेच सरसेनापति होते. बीं पेरल्यापासून या फळापर्यंत एकोणचाळीस वर्षें गेलीं. पुण्याजवळ खडकवासल्यास १९४९ सालीं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा पाया घातला गेला व १९५५ सालीं ती सुरू झाली. २०२२ पासून तेथें मुलींनाहि प्रवेश मिळत आहे. हडपसरच्या रणापासून हें स्थळ फार दूर नाहीं. आणि फाळणीनंतर आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचें विद्यालय निलगिरींतील ज्या गांवीं वसलें, त्याचें नांव वेलिंग्टन, असईच्या विजेत्यावरूनच पडलेलें आहे. इतिहास अशी थट्टा क्वचित्‌ करतो.

आजचें युद्ध असईपेक्षां कितीतरी पटींनीं प्रखर झालें आहे. आकाशांतून ड्रोन टेहळणी करतात, दूरवरून सोडलेलें अस्त्र नेमकें येऊन पडतें, आणि संदेशाचे मार्ग शत्रु बंद पाडूं शकतो. अशा वेळीं बाविशी-पंचविशीच्या तरुण अधिकाऱ्यास, वरून हुकूम न येतां, दहा-वीस जिवांचा निर्णय करावा लागतो. त्याच्या हातांत काय द्यावें याची चर्चा वर्तमानपत्रांत रोज होते. त्याच्या डोक्यांत काय असावें, तो चुकला तर शिकण्यास त्याला किती वाव द्यावा, आणि आपल्या घरांतील हुशार मुलांपैकीं किती जण त्या वाटेस जातात, याची चर्चा मध्यमवर्गीय घरांत क्वचितच ऐकूं येते. शस्त्र परदेशांतून विकत घेतां येतें. दौलतराव शिंद्यांच्या तोफाहि कांहीं वाईट नव्हत्या. लासवारीस त्या तोफांशेजारीं जे अनाम शिपाई उभे राहून मेले, त्यांचें आपल्यावर एक ऋण आहे. पुन्हा कधींहि इमानी शिपायास पुढाऱ्यावांचून रणांत उभें राहण्याची पाळी येऊं नये, एवढी काळजी घेणें हीच त्याची फेड होय.